जन्मनोंद, १९३१

कँटोन्मेंट बोर्डात बत्तीस वर्षं
मी जन्म आणि मृत्यू एकाच शाईने लिहिले.
चौऱ्याण्णवच्या पौषात लंडनहून पत्र आलं,
वर मुकुट, खाली लोखंडी जाळी छापलेलं.
साहेबांनी ते न वाचताच माझ्या टेबलावर टाकलं.

रॉडरिक हॅलम, सभासद, ब्रिटिश पार्लमेंट.
जन्म देवळाली, मिलिटरी हॉस्पिटल.
विचारणा: मला सांभाळणाऱ्या बाईचं नाव मिळेल का?

नोंदवहीत बापाचा हुद्दा होता, पलटण होती,
पाद्र्याची वळणदार सही होती.
आयांसाठी रकाना नव्हता.

पण नाव मला ठाऊक होतं.
ठकूबाई पाळदे, राहणार संसरी,
माझ्या बापाची आई.
तिच्या डाव्या दंडावर सहा दातांचा व्रण होता.
"हालमाच्या पोरानं चावलं," म्हणायची,
दुसऱ्या बाया पाटल्या दाखवतात तशी दाखवायची.

तो आला. काठी, कानात यंत्र.
लॅम रोडच्या वळणावर रिक्षा थांबवून
निलगिरीचं पान चुरगळून हुंगलं.
आमच्या ओट्यावर, कुणी न सांगता,
चहा बशीत ओतला.
मराठी येत होती पाच वर्षांच्या पोराइतकी:
भूक. उचल. चांदोबा. नको.

बाकीचं आयुष्य इंग्रजीत सांगितलं, थांबत थांबत.
विक्टन नावाचं गिरण्यांचं ओलं गाव.
दर शनिवारी शाळेच्या बुटक्या बाकावर बसून
लोकांची गळकी छपरं, अडकलेली पेन्शनं ऐकायची.
गिरण्या एकेक बंद पडल्या, तरी तो बसत राहिला.
एकदा पडला, एक्केचाळीस मतांनी.
("आमच्याकडे पडलेला माणूस पक्ष बदलतो," मी म्हणालो.
तो इतका हसला की यंत्र शिट्टी वाजवू लागलं.)
मंत्री झाला नाही. मासेमारीच्या समितीवर होता,
समुद्र त्याच्या गावापासून साठ मैल.

"मत कसं देता? हात वर करून?"
नाही. आधी ओरडायचं. भागलं नाही तर उठून चालायचं.
नाही म्हणणारे डाव्या दालनात,
हो म्हणणारे उजव्या.
आणि हो-ला तिथे जुना शब्द आहे:
आय.

त्याने तो असा उच्चारला
की घरातून माझा बाप "काय गं?" म्हणाल्यासारखं वाटलं.
संसरीत आईला आयच म्हणतात.

"पहिल्या दिवशी तीनशे माणसं एका दमात ओरडली.
मी तेहतीस वर्षांचा, गळ्यात टाय,
वळून दाराकडे बघितलं."

मग एका रात्रीचं विधेयक.
आफ्रिकेतून निघालेली आपल्याकडची कुटुंबं,
हातात त्यांच्याच राणीचा पासपोर्ट,
आणि त्यांच्या तोंडावर दार लावायचं होतं.
पक्षाचा हुकूम होता. बाहेर बर्फ होतं.
"तुम्ही कुठल्या दालनात गेलात?"
त्याने उजवा हात थोडा उचलला,
परत गुडघ्यावर ठेवला.
बशीतल्या चहावर साय धरली होती.

आजी सांगायची,
त्या पोराला बंद खोलीत झोप लागत नसे.
रात्रभर दार उघडं ठेवायला लावायचं,
आणि ती उंबऱ्यावर आडवी व्हायची, साप-विंचू येऊ नये म्हणून.
हे माझ्या ओठांवर आलं होतं.
नाही सांगितलं.
रेशनकार्डावरचा तिचा फोटो दाखवला.
त्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
आणि म्हणाला, "नाक असंच होतं."

तो गेल्यावर एकतीसचं पान काढलं.
नोंदवहीत खाडाखोड म्हणजे गुन्हा,
नव्या कारकुनांना मीच दटावत आलो.
समासात, शिसपेन्सिलीने, पुसता येईल असं लिहिलं:
आय, ठकूबाई पाळदे.

मार्चच्या तपासणीत ऑडिटरने
त्यावर लाल प्रश्नचिन्ह काढलं.
तेही राहू दिलं.