बादली

कागदोपत्री त्याचं नाव 'द क्वायट बिशप'.
तबेल्यात नुसता बिशप.
काळसर तपकिरी, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा,
आणि पाणी पिताना
दर घोटाला कान मागे जातात, पुढे येतात.
घोटाला एकदा. मोजता येतात.

मी मोजले आहेत.

ऑक्टोबरात, बॅलीशीनच्या मैदानावर,
शर्यतीला चाळीस मिनिटं असताना
टूही साहेब गाडीमागे आले. म्हणाले,
"तहानलेला दिसतो गं."
एवढंच.
आमच्या आयर्लंडात कोणी कोणाला काही सांगत नाही.
हवेबद्दल बोलतात, आणि उरलेलं आपण समजायचं.

एकसष्ट घोट.
तो धावला पोटात तळं घेऊन,
चौदात बारावा.

नोव्हेंबरात पुन्हा. अठ्ठावन्न.
डिसेंबरात पाणी इतकं गार होतं
की त्यानं ओठ लावून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं.
मग मी चहाची किटली त्यात ओतली,
हात बुडवून पाहिला, तान्ह्या बाळासाठी पाहतात तसा.
हो, मायेनं.
त्रेसष्ट घोट प्याला.

कठड्याशी टोमास हेनेगन उभा असायचा, निवृत्त पोस्टमन.
बिशप शिंगरू होता तेव्हा
ह्याच्या कुंपणाशी येऊन टोपी ओढायचा,
तेव्हापासूनची ओळख. दर वेळी वीस युरो लावायचा.
तिसऱ्यांदा हरल्यावर पावती घडी करून
खिशात ठेवली, फाडली नाही. म्हणाला,
"मनानं चांगला आहे पण तो."
घोड्याबद्दल.

फेब्रुवारी. सोमवार.
सकाळी भाव तेहतीसला एक.
मग लिमरिकला कोणी चाळीस लावले, स्लायगोत पन्नास,
कॉर्कच्या एका दुकानात
नर्सच्या कपड्यातली बाई, तिनं साठ.
कुणाच्या डोळ्यावर येऊ नये इतके, थेंबाथेंबानं.
दोन वाजता भाव बारा, तीनला सात,
घोडे सुटताना जेमतेम सव्वादोन.

त्या दिवशी बादली पालथी होती.
टूही साहेबांनी तिच्यावर बसून सिगारेट ओढली.

बिशप आठ लांबींनी आला.
वर बसलेल्या कॉर्मॅकला फक्त पडायचं नव्हतं.

चौकशी झाली. तीन पंच, एक कारकून, बिस्किटं.
इतका कसा सुधारला?
घशाचं ऑपरेशन केलं, साहेब. जमीनही मऊ मिळाली.
जुन्या शर्यतींची चित्रफीत पाहिली,
लगाम कुठेच ओढलेला नाही.
रक्त तपासलं, लघवी तपासली.
पाण्यात पाणी कसं सापडावं?
कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं त्यांना कळत होतं.
कुठे, ते मला ठाऊक होतं.
एकसष्ट, अठ्ठावन्न, त्रेसष्ट.

मला कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
असं मी बरेच दिवस म्हणत होते.

पण दहा युरो मीही लावले होते.
सकाळी सव्वानऊला, तेहतीसच्या भावानं,
दुसऱ्या गावी जाऊन, टोपी घालून.
तीनशे तीस.
मुलीच्या दातांच्या तारांचा पहिला हप्ता.
आता ती तोंडावर हात न ठेवता हसते.
त्या हसण्याचं मी काय करू?

आणि हेनेगननं त्या दिवशी, पहिल्यांदाच,
पैसे लावले नव्हते.
टाळ्या मात्र सगळ्यांत जास्त त्याच्याच.
मला हाक मारून म्हणाला, "बघ! मी सांगत नव्हतो?"
डोळ्यांत पाणी होतं म्हाताऱ्याच्या.
तेवढं मोजलं नाही.

साहेबांनी आता नवा घोडा आणलाय, राखाडी.
बिशप मागच्या खणात असतो, गुडघा सुजलेला.
संध्याकाळी मी बादली घेऊन गेले
की दारावरून मान काढतो,
आधी माझी बाही हुंगतो,
मग डोळे अर्धे मिटून थुंकी टाकल्यासारखा ओठ सैल सोडतो
आणि पितो.
कसलाही संशय न घेता.

कान मागे. कान पुढे.
शर्यत नाही, घाई नाही, कोणी हवेबद्दल बोलत नाही.

सोळा. सतरा.