कंपनीकडून आलेलं

ओरेस्ट मेलनिक आला तेव्हा यॉर्कटनमध्ये उणे एकतीस होतं.
ट्रक आत घेताना शटर दोनदा अडकलं.
खाली बर्फ, वर गंज,
बारा वर्षांचा ट्रक, त्याच्या लेखी अजून नवा.
"रेडिओ मेलाय," तो म्हणाला, "नुसता रेडिओ.
बाकी सगळं कंपनीकडून आलंय तसंच राहू दे."

सगळे असंच म्हणतात.
मग मला समजवावं लागतं,
की या गाडीत रेडिओ नुसता गात नाही.
मागे घेतानाचा कॅमेरा त्याच्यातून दिसतो,
स्टीअरिंगवरची बटणं त्याच्याशीच बोलतात,
पट्टा लावला नाही की होणारी टिंग-टिंगसुद्धा
त्याच्याच गळ्यातून निघते.
घरातलं एक माणूस उठून गेल्यावर कळतं,
किती जणांचे निरोप तोच पोचवत होता.

काउंटरवर मी तीन डबे मांडले.
पहिला दहा इंची, नुसती काच.
त्यानं हातमोज्यासकट बोट टेकवलं. काही झालं नाही.
पुन्हा टेकवलं. मग माझ्याकडे पाहिलं,
लिलावात दात न दाखवणाऱ्या घोड्याकडे पाहावं तसं.
दुसऱ्याला आवाजाची चकती नव्हती.
"फिरवायला गोल काहीतरी पाहिजे."
तिसऱ्याला होती, जाड, रबरी कडेची.
ती त्यानं दोन टोकांत धरून फिरवली, उलटी फिरवली,
डबा कशालाच जोडलेला नसताना,
बराच वेळ.

"एएम लागतं का यात?
दुपारचा कनोलाचा भाव ऐकायचा असतो."
लागतं.
"खरोखर, की नावाला?"
नावालाच, मी सांगून टाकलं,
विजेच्या तारांखालून गेलात की नुसती खरखर.
"माझ्या कानांचं तेच आहे," म्हणाला, आणि डबा जवळ ओढला.

बटणांवरून मात्र हटेना.
त्यांचं मॉड्यूल वेगळं, दीडशे डॉलर, वायरिंग किचकट,
चकती मिळालीच आहे ना, मी म्हटलं, हात लांब केला की झालं.
तेव्हा त्यानं उजवा हातमोजा काढला.
अंगठा होता. करंगळी होती.
मधली तीन धान्याच्या ऑगरनं नेलेली, एकोणऐंशी साली.
मघाशी काचेवर टेकवलेलं बोट
रिकामंच होतं.
"चाकावरून हात सुटला की पुन्हा धरायला वेळ जातो.
अंगठा कंपनीचा आहे. तो चालतो."

दीडशे लिहिले.

"आणि टिंग-टिंग?" मी विचारलं.
ती सोडली तर साठ वाचतात. बहुतेक जण खुशीनं सोडतात.
त्यानं रस्त्यापलीकडे पाहिलं.
हलीना समोरच्या दुकानात लोकर निवडत होती.
"नऊ वर्षं झाली, मला ती ऐकू येत नाही.
तिला येते.
मग ती ओरडते, पट्टा लाव म्हणून.
ते ऐकू येतं."

डॅशबोर्ड उघडला तर आत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
चर्चच्या सोडतीचं एक तिकीट, न लागलेलं.
तारा जोडल्या. कॅमेऱ्याची एक चुकली,
पडद्यावर नुसतं निळं आलं, पुन्हा सगळं बाहेर काढलं.
मग बटणांना एकेक करून नवं नाव शिकवलं,
हा मोठा, हा बारीक, हे पुढचं स्टेशन.
तोवर साडेचार, बाहेर काळोख.
जुना रेडिओ त्यानं मागून घेतला. कशाला ते सांगितलं नाही.

किल्ली फिरवली.
नवी टिंग-टिंग जुनीपेक्षा पातळ आहे,
डाव्या स्पीकरमधून, जरा घाई असल्यासारखी.
"वाजतंय?" त्यानं मला विचारलं.
"वाजतंय."
हलीना शेजारी चढून बसली, लोकरीची पिशवी पायाशी.
कान देऊन ऐकलं, नाक मुरडलं.
"पूर्वीची बरी होती," ती म्हणाली,
आणि त्याच दमात,
"पट्टा!"