दिवसा पांघरायची रात्र

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून भरमा सकाळी घरी येतो
तेव्हा वडगावातले माग नुकते सुरू झालेले असतात.
खटाक् खट, खटाक् खट, गल्लीभर.
तो हातपाय धुतो, भाकरी खातो
आणि डोळ्यांवर टॉवेल टाकून निजतो.
अठरा वर्षं रात्रपाळी.
आम्ही दोघांनी मिळून चांदण्या पाहिल्या
त्या सुट्टीच्या रात्रीच,
तेही आभाळ मोकळं असलं तर.

म्हणून ठरवलं, ह्याला एक रात्र शिवून द्यायची.
मोठी नको. छातीपासून पावलांपर्यंत पुरेल एवढी.

आधी ट्रंकेतली चंद्रकळा काढली.
नावात चंद्र, अंगावर कुठेच नाही.
घडीघडीवर विरलेली.
जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या,
जुन्या पेपरावर पट्टीनं आभाळ आखलं:
इथे कृत्तिकांचा पुंजका, इथे तिकांडं,
इथे म्हातारीची बाज,
तीन चोर तिचा पाय ओढून नेतात
म्हणून कायमची वाकडी.
खणाच्या चिंध्यांतून चांदण्या कापल्या,
पाच टोकांच्या, सगळ्या सारख्या.
टाचून भिंतीवर लावलं, उंबऱ्यापाशी जाऊन बघितलं.
शाळेच्या गॅदरिंगचा पडदा.

उसवायला दोन दुपारी गेल्या.

तिसऱ्या दुपारी पुसणी करायची म्हणून
त्याचे जुने शर्ट काढले, कंपनीचे, गडद निळे.
एक झटकला दारातल्या उन्हात
आणि बाहीवर, खांद्यावर, छातीच्या डाव्या अंगाला
उजेड टिंबाटिंबानं आत आला.
लोखंडाचा रस साच्यात ओततानाच्या ठिणग्या.
कुठे मोहरीएवढं भोक, कुठे तुरीएवढं,
कुठे पाच-सात दाटीवाटीनं,
कुठे वीतभर काहीच नाही.
मला असं आखता आलं नसतं.

नऊ शर्ट उसवले. कॉलरी, खिसे बाजूला.
खाली पिवळा खण, वर निळे तुकडे,
पाठीमागून चंद्रकळा, जेवढी टिकली तेवढी.
एकेका भोकाची कड आत मुडपून बारीक टाके.
करपलेली कड सुईखाली चुरते.
खांद्यावरच्या एका भोकाशी सुई थांबली.
हे केव्हाचं?
तिथंच मागे मलम लावताना विचारलं होतं मी,
तर म्हणाला होता, डास.

निंगव्वा मागावरून उठून बघायला आली.
मी वाकळ म्हणते, ती कौदी.
एका भोकावर बोट ठेवून म्हणाली, चुक्की.
मला ऐकू आलं, चुकी.
'न्हवं ग, चुक्की, चुक्की,'
तिनं बोट वर केलं,
पत्र्याकडं, पत्र्याच्याही वर.
मग समोरच्या बाजूनं धावदोरा घालत बसली.
तिचा टाका लांब, माझा आखूड.
मधे जिथे भेटलो तिथे चुणी पडली
एका कडेपासून दुसरीपर्यंत.
तिला आम्ही आकाशगंगा म्हणालो आणि चहा ठेवला.

शेवटचा कोपरा बंद करायच्या आत तिनं
जोंधळ्याचे तीन दाणे सारले.
पांघरुणाचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणते.

खऱ्या आभाळाशी काही जुळलं नाही.
कृत्तिका सापडल्या नाहीत.
बाज शोधली, तर तिला एक पाय जास्तच निघाला.
म्हटलं, राहू दे, म्हातारीला उपयोगी पडेल.

आज सकाळपासून लाइट नाही. सगळे माग गप्प.
भरमानं वाकळ हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली,
दाराशी नेऊन उन्हात धरली.
काही बोलला नाही.
आडवा झाला, गळ्यापर्यंत ओढली,
आणि बोट फिरवत फिरवत एका चांदणीपाशी आला.
'हे कुठलं ग?'

डास, मी म्हणाले.

त्यानं बोट तिथंच ठेवलं बराच वेळ.
मग टॉवेल न घेताच डोळे मिटले.
बाहेर साडेबारा वाजले होते.