उजेड दिसला तर सांग

रविवारी ड्रायर बंद.
माळेगाव एमआयडीसीत त्या दिवशी
कांद्याचा वाससुद्धा उशिरा उठतो.
दगूभाऊ उगले पॅनलमधून तीन फ्यूज काढतात,
शर्टाच्या खिशात टाकतात, वर बटण लावतात.
"आता पंखा चालू करायचा तर कुणालाही
आधी माझ्या खिशात हात घालावा लागेल.
जा आत."

हवा जिथून आत येते ती भिंत:
चोवीस चौकटी, प्रत्येकीवर मार्करने नंबर.
सतराची कडी दिवाळीपासून तारेने बांधलेली.
मी एकेक उतरवते, शेडच्या सावलीत टेकवून ठेवते,
नाकावर मास्क, मास्कवर ओढणी.

आयटीआयमध्ये शिकवलं होतं, फिल्टर म्हणजे सुटा भाग.
इथे कळलं, ती तालुक्याची खतावणी आहे.
पश्चिमेच्या रांगेत शिर्डी रस्त्याच्या कामाची माती,
पिवळट, बाजरीच्या पिठाइतकी मऊ.
खालच्या रांगेत कांद्याचे पापुद्रे,
आमच्याच गोदामातून उडून
आमच्याच दाराशी परत आलेले.
कोपऱ्यात काजळी, कुणीतरी पाचट पेटवलं असणार.
आणि नऊ नंबरच्या एका घडीत एक पतंग,
पंख शाबूत,
शाळेच्या वहीत पान ठेवावं तसा.

हवेची गन नेहमी आतून बाहेर.
पहिल्या महिन्यात मी उलटी धरली होती,
धूळ होती त्याहून खोल गेली.
दगूभाऊ ओरडले नाहीत.
"काटा काढतेस का रुतवतेस, पोरी?"
एवढंच, आणि चहाला गेले.

यू नळीत लाल पाणी असतं.
पंचविसावर चढलं की फिल्टर भरले, धुवायचे.
मार्चमध्ये ते बारावर उभं होतं, आठवडाभर,
शहाण्या मुलासारखं.
मी रोज लिहिलं: ठीक.
खाली सही, वैजयंती सानप, वळणदार.
आठव्या दिवशी क्वालिटीच्या मॅडमनी
पांढऱ्या चकत्यांचा ट्रे खिडकीपाशी धरला.
तिळाएवढे काळे ठिपके.
चौदाशे किलो माल परत.

अकरा नंबर फाटला होता.
फाटक्यातून हवा मोकळी जाते
आणि पाण्याला वाटतं सगळं छान चाललंय.
रजिस्टरची शाई निघत नाही,
मी थुंकी लावून पाहिली होती.

तेव्हापासून हे एक काम वाढलं.
चौकटी बसल्या, गॅस्केट अंगठ्याने दाबून झालं,
की मी आत उकिडवी बसते,
दगूभाऊ दार ओढतात
आणि हॅलोजन घेऊन बाहेरून भिंतीसमोर फिरतात.
"उजेड दिसला तर सांग."

कापडातून येतो तो मंद असतो, सायीसारखा,
तो चालतो.
मी शोधते ती सुई.
आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं, उजेडाकडे जा.
या पत्र्याच्या खोलीत
उजेड म्हणजे कुणाची तरी चूक, बहुतेक माझी.

आज एक दिसली. सतराच्या कडेला,
बारीक, सरळ,
तिच्यात माझ्याच ओढणीची धूळ पोहत होती,
वर, खाली, पुन्हा वर, कसलीच घाई नसलेली.
सांगायला मी दोन श्वास उशीर केला.

"सतरा. डावीकडे, वरचा कोपरा."
बाहेर पक्कड शोधल्याचा आवाज,
तार पिळल्याचा,
एक शिवी, कडीला की कंपनीला कळलं नाही.
सुई विझली.
"अजून?"
"नाही."
"नीट बघ, मग नाही म्हण."

मी नीट बघितलं.

बाहेर आले तेव्हा ऊन डोळ्यांत टोचलं.
दगूभाऊंनी खिशाचं बटण काढलं,
तीन फ्यूज मोजून माझ्या तळहातावर ठेवले, गरम,
त्यांच्या अंगाइतके.
पहिल्यांदाच.
पंखा मी चालू केला.

रजिस्टरमध्ये "ठीक" लिहिलं नाही.
लिहिलं: अकरा बदलला आहे, टिकून आहे.
सतराला नवी कडी हवी.
सातपूरला ऑर्डर गेली आहे म्हणतात.
चौथ्यांदा लिहिते आहे.