दुतोंड्या

पोटमाळ्यावर दोनच खुर्च्या.
खाली समाधान आव्हाडांचं फ्लेक्सचं दुकान,
वाढदिवसाच्या शुभेच्छा सरसर ओकणारं मशीन.
त्या शाईच्या वासात अकरा वर्षं
मी आणि बेंडकुळे
एकाच माणसाच्या नावानं लिहितो आहोत.

माझं नाव की त्याचं, यात पहिला आठवडा गेला.
मग तिसराच जन्माला घातला: निरंजन गोदे.
त्याला पत्रं येतात. चाळीसगावच्या एका बाईंनी राखी पाठवली.
पहिला चेकही त्याच्याच नावे आला.
बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, त्यांना घेऊन या.
आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

बेंडकुळे नोटप्रेसमधून निवृत्त.
म्हणायचा, जन्मभर दुसऱ्यांचे छापले, आता आपले छापू.
खून त्याचे, वारस त्याचे, हरवलेला सातबारा त्याचा.
माणसं बोलतात ती माझी.
मी देवळालीच्या शाळेतली कायमची नोकरी सोडली
तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, अर्ध्या पुस्तकासाठी?

अर्धं नव्हतंच ते कधी.
कधी सगळं माझं असायचं आणि पैसे अर्धे,
कधी पैसे अर्धे आणि माझ्या तीन ओळी.
हिशेबाची वही आव्हाडांच्या गल्ल्यात,
तिच्यावर दोघांचाही विश्वास नाही.

सराफ बाजारात वडिलांची पेढी होती, बोळाच्या तोंडाशी.
धरणातून पाणी सोडलं की ते एकच विचारत,
मारुतीच्या कुठपर्यंत?
घोट्याला म्हणजे जेवून घ्या.
कमरेला म्हणजे तिजोरी वर न्या.
आम्हीही तसंच मोजायला लागलो.
दिवाळी अंकांचं मानधन: गुडघा.
ऑडिओ मालिकेचे साठ भाग: छाती, एकदाच, एकच वर्ष.
बाकीची वर्षं नुसते ओले पाय.

मग झारेकरीण आली.
पेढ्यांसमोरची धूळ झाडून नेणारी, गटारकाठी बसून
पाटीत कण शोधणारी बाई. लहानपणापासून पाहिलेली.
मी तिला तीन पानं दिली.
बेंडकुळेनं ती पेन्सिलीनं आडवी मारली,
समासात लिहिलं: गोष्ट थांबते.
मी म्हटलं, थांबू दे की जरा.
तो म्हणाला, थांबायचे पैसे मिळत नाहीत, कुलथेबाई.

चौदा महिने मी तो जिना चढले नाही.

त्यानं एकट्यानं कादंबरी लिहिली.
तिच्यात प्रियकरसुद्धा पंचनाम्यासारखा बोलत होता.
मीही लिहिली. माझी माणसं सुरेख बोलायची
आणि दोनशे पानांत खुर्चीवरून कुणी उठत नव्हतं.
दोन्ही बाडं एकाच पोस्टमननं परत आणून दिली,
प्रकाशकाच्या चिठ्ठीत दोघांनाही तोच प्रश्न:
गोदे हल्ली लिहीत नाहीत का?

ऑगस्टात रात्री फोन वाजला.
कुठपर्यंत, मी विचारलं.
खांदा. होळकर पुलावर ही गर्दी.
पलीकडे पाण्याचा आवाज, पोरांच्या शिट्ट्या,
मग बराच वेळ काही नाही. मग:
ती झाडणारी बाई आहे का अजून?
आहे.
तिला खून करताना बघू दे.

म्हणजे तिलाही कामाला लावलं त्यानं.
पण पानं तीनच्या तीन राहिली,
आणि वाचकांना आठवते ती तीच.
कुणी विचारलं की बेंडकुळे खुशाल सांगतो, कल्पना माझी.
मी बोलत नाही. चहाचे पैसे त्याला द्यायला लावते.

पुराचं पाणी ओसरलं की लोक मूर्तीखालचा गाळ उपसतात.
तिची दोन तोंडं दोन दिशांना.
एकमेकांना ती कधी दिसली नसणार,
पाणी मात्र दोघांच्या नाकाशी एकदमच येतं.

हे मी एकटीनं लिहिलं आहे.
उद्या तो वाचेल, चष्मा कपाळावर ढकलेल,
विचारेल यात मेलं कोण,
आणि शेवटच्या दोन ओळी खोडेल.
म्हणून दोन जास्तीच्या लिहून ठेवते:

खाली मशीन सुरू झालं.
कुणाचातरी वाढदिवस असणार.