तडी

खानापुरात, जांबोटी रोडला वळताना माझं दुकान:
तीन पत्रे, एक काट्याचा मीटर,
आणि जळक्या आर्मेचरचा वास,
जो बायको म्हणते रविवारीही जात नाही.

कालिंदीबाई मुतगेकर व्हॅन घेऊन आल्या.
टेलिफोन एक्स्चेंजमधनं रिटायर.
डॅशखाली वायरलेस सेट,
लायसन प्लॅस्टिकच्या पाकिटात, रेशनकार्डासारखं जपलेलं.
म्हणाल्या, "स्टार्टर मारला की सेट मरतो.
परत उठतो, खरं सगळं विसरून उठतो."

मीटर लावला. म्हटलं, मारा.
साडेबारावरचा काटा आठाच्याही खाली,
चढाला बैल गुडघ्यावर यावा तसा.
इंजिन धरलं. मग एक उसळी,
जी काट्याला दिसत नाही,
पण सेटच्या पोटातल्या आयसीला दिसते.

"सोपं आहे की," म्हणून मी रिले काढला, टायमरवाला.
ह्याचं नाव मी ठेवलंय तडी.
आधी इंजिन धरू दे, मग पाच मोजून सेटला करंट.
कित्तूरकडचे ड्रायव्हर बघून हसतात, "तडी री, तडी!"
थांब म्हणायला ह्या भागात दोन भाषा आहेत,
दोन्हीत कुणी थांबत नाही.

बाई हसल्या नाहीत.
"हा तर आधीच झोपणार. मला जागा पाहिजे."

मग सांगितलं.
गेल्या माघात, चोर्ल्याच्या वाटेवर, रात्री अकरा.
हातातल्या सेटवरनं एक पोरगा बोलत होता, दम लागलेला.
टँकर कलंडलाय, आत दोघं आहेत, जागा सांगतो, क…
आणि ह्यांनी किल्ली फिरवली.
जायच्या घाईनंच फिरवली.
सेट मेला, उठला, पहिल्या चॅनलवर जाऊन बसला
पुसलेल्या पाटीसारखा.
परत जाग्यावर येईस्तोवर नुसती खरखर.
कणकुंबी? कालमणी? करंबळ?
टँकर सकाळी सापडला.

त्या दोघांचं मी विचारलं नाही.

"तीस वर्षं लोकांना होल्ड करा म्हणत होते मी," एवढंच बोलल्या.

तडी परत डब्यात टाकली.

सीटखाली स्कूटीची लहान बॅटरी, फक्त सेटची.
मोठीकडनं तिच्याकडे जाडा डायोड:
जाईल तेवढं जाईल, परत एक थेंब नाही.
स्टार्टर तिकडे किती का ओरपेना,
हिच्या भांड्याला त्याचा हात पोचत नाही.
डायोड आपली दस्तुरी घेतो, अर्धा व्होल्ट. घेऊ दे.
उसळीला सप्रेसर, करंगळीच्या नखाएवढा,
वेळ आली तर स्वतः जळणारा.
फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या तोंडाशी.
अर्थ गंजक्या बॉडीला नाही, थेट निगेटिव्हला;
ह्यात कंटाळा केला की बाकी सगळं वाया.

संध्याकाळ झाली. "मारा," म्हटलं.
मोठीचा काटा पडला.
सेटमध्ये धारवाडकडचे कोणी मास्तर
कानडीत हवामान सांगत होते, सावकाश, खोकत.
इंजिन धरेपर्यंत त्यांचा खोकलासुद्धा तुटला नाही.

बाईंनी इंजिन बंद केलं. परत मारलं.
कान सेटला लावून, डोळे मिटून, परत.
सात वेळा मोजलं मी.

बॅटरी उतरेल, असं म्हणालो नाही.