फिके गुडघे

आता तुझा श्वास ऐकू येत नाही
आणि मला झोप लागत नाही.

सहा वर्षं उशाशी यंत्र घरघरत होतं.
त्याच्या तालावर मी कणीक मळली, मुलं निजवली,
वीज गेली की डोळे न उघडता
सिलेंडरची चावी फिरवली.
आणि त्या आवाजाखाली तुझा:
मांजरपाट फाडावं, थांबावं, पुन्हा फाडावं, तसा.
फाडायला अजून कापड शिल्लक आहे
एवढाच दिलासा.

सतरा वर्षांचा होतास. बिंगोलचे डोंगर उतरून
इस्तंबूलच्या एका तळघरात
नव्याकोऱ्या जीन्सवर वाळूचा फवारा मारायचास.
कोरं कापड जुनं करायचं,
जणू कोणी त्यात दहा वर्षं गुडघे टेकलेत.
नाकाला रुमाल. खिडकी बंद,
शेजाऱ्यांना धुळीचा त्रास नको म्हणून.
मालक म्हणायचा, दही खा, वाळू खाली उतरते.
तुम्ही खाल्लंत. रात्री तिथेच, त्याच वाळूत झोपलात,
तू, वेयसी, आणि मिसरूडही न फुटलेला हेमो.
हेमो आधी गेला. मग वेयसी.
वेयसीच्या आईने विचारलं,
पाटलोणी करतात तिथे माणूस मरतो कशाने?
मला सांगता आलं नाही.

निलुफर डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली.
"शेहमुस, ही फुप्फुसं आता औषधाला दाद देत नाहीत.
बदलता येतात. मिळाली तर."
बदलता येतात,
जसा शिलाई मशीनचा पट्टा येतो.

पहिला फोन फेब्रुवारीत, पहाटे तीनला. बाहेर बर्फ.
टॅक्सीवाल्याने पैसे घेतले नाहीत.
तुला हिरवा झगा चढवला, छाती धुतली,
सात तास तसंच ठेवलं.
मग एक कोवळा डॉक्टर आला, टोपी हातात:
आलेली फुप्फुसं चांगली निघाली नाहीत. घरी जा.
वाटेत तू हसलास, धाप लागेपर्यंत,
म्हणजे दोनदा.

त्यानंतर चार महिने नमाजात मी काय मागत होते
ते अल्लाला ठाऊक.
मी शब्द वापरले नाहीत.

दुसरा फोन आला तेव्हा चेरीच्या बिया काढत होते.
तशाच लाल हातांनी सही केली.
अकरा तास.
कोणाची, ते सांगत नाहीत.
नर्स फक्त चुकून बोलून गेली
की ट्राबझोनचं विमान उशिरा उतरलं.
तेव्हापासून हवामानाच्या बातम्यांत ट्राबझोन आलं
की मी आवाज वाढवते.

रोज सकाळी तू नळीत फुंकतोस, मी आकडा लिहिते,
त्याच वहीत, जिच्या पुढच्या पानांवर वाण्याची उधारी आहे.
डाळिंब बंद. कबुतरं बंद. कुंडीतली माती बंद.
पाच वर्षांनी निम्मे असतात, बाई म्हणाल्या.
निम्मे म्हणजे कोणते, विचारायचं राहिलं.

काल बारान नवी जीन्स घालून आला.
गुडघे फिके.
घरात कोणी काही बोलेना.
"आता लेझरने करतात, बाबा. वाळू नसते,"
तोच पुटपुटला.
तू जमिनीवर बसलास, एका दमात, न थांबता.
त्याचा पाय उजेडाकडे वळवलास,
डाग अंगठ्याने घासून पाहिलास.
"डावा जमला नाही," म्हणालास.
"कड फार सरळ आहे. माणूस असा झिजत नाही."

यंत्र परत केलं. भिंतीवर त्याच्या जागी
एक फिका चौकोन.
त्याच्याकडे पाहत पडून राहते,
मग न राहवून तुझ्या पाठीवर हात ठेवते.
हात वर जातो, खाली येतो.
ट्राबझोनला आज वारा पडलाय, म्हणत होते.
हात वर जातो.